थेंबे थेंबे गंध साचे

दिवसभर एसी, स्क्रीन आणि डेडलाइन. संध्याकाळी घरी आल्यावर मनाला जरा हलकं करायचं असेल, तर अरोमाथेरपी हा झकास मार्ग आहे. फक्त सुरुवात नीट व्हायला हवी. कोणती बाटली घ्यायची, किती थेंब टाकायचे आणि कुठे हात आवरायचा, याचा हा पहिला धडा.

मॉलमधल्या कुठल्याही ब्यूटी स्टोअरमध्ये डोकावा. स्किन केअरच्या शेजारी एक रॅक हमखास दिसतो. चॉकलेटी काचेच्या बोटभर बाटल्या, त्यांवर जांभळी फुलं नाहीतर संत्र्याच्या फोडी, आणि कोपऱ्यात शांतपणे धुकं सोडणारा डिफ्यूझर. कीबोर्ड बडवून आखडलेले खांदे तिथे उभ्या उभ्याच सैल होतात आणि हात आपोआप पाकिटाकडे जातो. माझ्या ओळखीतल्या किती तरी घरांत अशी खरेदी झाली आहे. त्यातल्या बऱ्याच घरांत महिनाभरात ती कपाटावर जाऊन बसली, कारण पुढे करायचं काय हे कुणी सांगितलंच नाही. काही घरांत उलट झालं. उत्साहाच्या भरात तेल थेट गालावर, उशीवर, चहात, बाळाच्या छातीवर, जिथे सुचेल तिथे पोचलं.

मी हा छंद बरीच वर्षं जोपासला आहे. 'कुठलं घेऊ गं?', 'किती टाकू?' असे मैत्रिणींचे फोन येत असतात. त्यांना सुटं सुटं सांगते, ते आज एका जागी सांगते. त्यात मजेच्या गोष्टी आहेत, तसे दोन-चार सज्जड दमही आहेत.

नाव फ्रेंच, सवय आपली

सर्दी झाली की ओव्याची गरम पुरचुंडी, रुमालावर निलगिरीचा थेंब, दाढ दुखली की लवंगेचं तेल, उन्हाळ्यात माठात वाळ्याची जुडी. वासाशी आपली दोस्ती जुनीच आहे. 'अरोमाथेरपी' हे नाव मात्र फ्रेंच. रेने-मोरिस गॅटफॉसे नावाचा एक केमिस्ट सुगंधाच्या धंद्यात होता. १९१०मध्ये प्रयोगशाळेतल्या स्फोटात त्याचे हात भाजले आणि जखमा चिघळल्या. तेव्हा लॅव्हेंडरच्या तेलाने आपल्याला गुण आला, असं त्याने लिहून ठेवलं. १९३७मध्ये त्याचं पुस्तक आलं आणि हे नाव रूढ झालं. भाजलेला हात त्याने चुकून लॅव्हेंडरच्या पिंपात बुडवला आणि चमत्कार झाला, ही जी गोष्ट स्पाच्या ब्रोशरमध्ये वाचायला मिळते, ती नंतर चढवलेला मसाला आहे.

या गोष्टीत आपल्या मातीचाही एक थेंब आहे. खानदेशात उगवणारं रोशा गवत ठाऊक आहे? त्याच्या तेलाला आज बाजारात पामारोझा म्हणतात. वास गुलाबाच्या जवळ जाणारा. एकेकाळी हे तेल मुंबई बंदरातून पार तुर्कस्तानपर्यंत जायचं आणि महागड्या गुलाबतेलात भेसळ करायला वापरलं जायचं. म्हणजे सुगंधाच्या बाजारातली बनवाबनवीही काही आजची नाही. तिच्याकडे पुढे येऊच.

बाटलीत असतं तरी काय?

फुलं, पानं, साली किंवा मुळं मोठ्या भांड्यात घालून त्यांतून वाफ सोडतात. वाफेबरोबर झाडातला सुगंधी अर्क उडून येतो, वाफ थंड केली की पाण्यावर तरंगतो, तो वेगळा काढतात. तेच एसेन्शिअल ऑइल. संत्रं, लिंबू यांच्या बाबतीत साली दाबूनच तेल काढतात. नावात 'ऑइल' असलं तरी ते खोबरेलासारखं चिकट नसतं. कागदावर टाकलं तर बहुतेक तेलं हळूहळू उडून जातात.

आता प्रमाण बघा. एक किलो गुलाबतेलासाठी साडेतीन ते चार हजार किलो पाकळ्या लागतात. लॅव्हेंडरसाठी शंभर किलोहून जास्त फुलं. तुमच्या बोटावरच्या एका थेंबात अख्खी परडी बसलेली असते. आजी ओवा वापरायची, आपण ओव्याचं सार वापरतो. त्यामुळे 'नॅचरल आहे, काही होत नाही' हे वाक्य इथे चालत नाही. ताकद पाहायची असेल तर थर्माकोलच्या तुकड्यावर संत्र्याच्या तेलाचे दोन थेंब टाका. थर्माकोल विरघळून खड्डा पडतो. म्हणून तर ही तेलं काचेच्या बाटलीत येतात. आणि म्हणूनच, बाईकवाल्यांनो, हेल्मेटच्या आत फ्रेश वाटावं म्हणून थेंब टाकण्याची आयडिया सोडून द्या. आतलं कवच थर्माकोलसारख्याच फोमचं असतं आणि तेच तुमचं डोकं वाचवत असतं.

अत्तर हा वेगळा प्रकार. कनौजमध्ये तांब्याच्या डेगमधून निघालेला सुगंध परंपरेने चंदनाच्या तेलात मुरवतात. म्हणून मोहम्मद अली रोडवरून आणलेलं अत्तर मनगटाला लावायला बनवलेलं असतं. एसेन्शिअल ऑइल तसं थेट लावायचं नसतं.

खरंच काही होतं का?

होतं, पण जाहिरातीत लिहितात तेवढं नाही. नाकातून निघालेला संदेश मेंदूच्या भावना आणि आठवणी सांभाळणाऱ्या भागांपर्यंत फार जवळच्या वाटेने पोचतो. पहिल्या पावसाच्या वासाने एकदम शाळा आठवते ती यामुळेच. वास आपण ओळखतो कसा, याचा उलगडा करणाऱ्या लिंडा बक आणि रिचर्ड ॲक्सेल यांना २००४चं नोबेल मिळालं.

तेलांवर संशोधनही झालं आहे. १९९०मध्ये ऑस्ट्रेलियात मुरुमांसाठी पाच टक्के टी ट्रीचं जेल तपासलं गेलं. नेहमीच्या औषधापेक्षा ते सावकाश लागू पडलं, पण त्वचेला त्रास कमी झाला. जर्मनीत ताणामुळे होणाऱ्या डोकेदुखीसाठी दहा टक्के पेपरमिंट तेलाचं तयार द्रावण कपाळाला लावतात. दुसरी बाजूही ऐका. अमेरिकेतल्या ओहायो स्टेट युनिव्हर्सिटीने २००८मध्ये ५६ जणांवर लिंबू आणि लॅव्हेंडरचा प्रयोग केला. लिंबाच्या वासाने मूड सुधारला. पण प्रतिकारशक्ती, वेदना, जखम भरणं यांवर दोन्ही वासांचा काही परिणाम दिसला नाही.

मी याचा अर्थ सरळ लावते. दिवसभराचा शीण उतरवायला, झोपेआधी मन शांत करायला, मसाजची मजा वाढवायला ही तेलं छान. थायरॉइड, डायबिटीस, डिप्रेशन किंवा तीन आठवडे न गेलेला खोकला यांसाठी डॉक्टर. 'अमुक तेलाने गोळ्या बंद होतील' असं सेल्समन म्हणाला, तर त्याला हसून नमस्कार करा आणि पुढच्या काउंटरला जा.

लेबल वाचायला शिका

आमच्याकडे भाजीवाल्याशी अर्धा तास घासाघीस चालते, पण चारशे रुपयांची बाटली न वाचता बास्केटमध्ये पडते. पाच गोष्टी बघा:

• झाडाचं शास्त्रीय नाव. लॅव्हेंडर असेल तर 'लॅव्हेंडुला अँगस्टिफोलिया', टी ट्री असेल तर 'मेलाल्युका अल्टरनिफोलिया'. नुसतं 'लॅव्हेंडर' लिहिलं असेल तर शंका घ्या.

• 'फ्रेग्रन्स ऑइल', 'अरोमा ऑइल', 'डिफ्यूझर ऑइल' हे शब्द. यांत बहुतेक वेळा कृत्रिम सुगंध असतो. खोलीला वास येण्यापुरतं ठीक, अंगाला लावायला नको.

• किमती. रॅकमधल्या सगळ्या बाटल्या एकाच भावाला असतील तर गडबड आहे. संत्र्याचं तेल स्वस्त असतं, कारण साली ज्यूसच्या धंद्यातून भरपूर मिळतात. गुलाब, चंदन महागच असणार. दहा मिलि गुलाबतेल दोनशे रुपयांत मिळालं, तर त्यात गुलाब सोडून बरंच काही असेल.

• 'थेराप्युटिक ग्रेड'ला भुलू नका. असा दर्जा देणारी कुठलीही सरकारी यंत्रणा नाही. तो मार्केटिंगवाल्यांचा शब्द आहे.

• बाटली. गडद काच, थेंब थेंब पडेल असं तोंड, घट्ट झाकण, बॅच नंबर आणि तारीख. सुरुवातीला पाच किंवा दहा मिलिचीच घ्या.

घरी आल्यावर पांढऱ्या कागदावर एक थेंब टाकून ठेवा. लॅव्हेंडर, संत्रं, पेपरमिंट यांचा काही तासांनी तेलकट डाग उरला, तर आत स्वस्त तेल मिसळलं असण्याची शक्यता मोठी. चंदन, पचौली ही जड तेलं मात्र खरी असली तरी डाग ठेवतात. आणि कृत्रिम सुगंधाची भेसळ या परीक्षेत पकडली जात नाही, हेही लक्षात असू द्या.

पहिल्या तीन बाटल्या

बारा तेलांचा गिफ्ट सेट घेऊ नका. त्यातल्या आठांची झाकणंही उघडली जात नाहीत. सुरुवातीला तीन पुरेत.

लॅव्हेंडर. संध्याकाळसाठी. बहुतेकांच्या त्वचेला चालतं, इतर तेलांत छान मिसळतं.

गोडं संत्रं. लेबलवर 'स्वीट ऑरेंज' शोधा. वास ओळखीचा, किंमत खिशाला परवडणारी. लिंबाच्या दाबून काढलेल्या तेलाने उन्हात त्वचा भाजण्याचा धोका असतो, गोड्या संत्र्याने तो नसतो.

पेपरमिंट. दुपारी जेवणानंतर डोळे मिटायला लागतात तेव्हा. फार तीव्र असतं, म्हणून एक थेंब म्हणजे एकच थेंब. घरात लहान मूल असेल तर ही बाटली वगळा आणि दोनवरच थांबा.

चौथी गोष्ट विकत घ्यायची गरज नाही. ज्या तेलात हे थेंब मिसळायचे ते 'कॅरिअर ऑइल' स्वयंपाकघरात किंवा बाथरूममध्ये असतंच. खोबरेल, तीळ, बदाम, यांपैकी तुम्हाला सोसतं ते.

थेंबांचं गणित

एक मिलि म्हणजे साधारण वीस थेंब. अंगाला लावायच्या मिश्रणात एसेन्शिअल ऑइल एक ते दोन टक्केच असावं. म्हणजे तीस मिलि खोबरेलात, जे साधारण दोन मोठे चमचे होतात, सहा थेंब टाकले की एक टक्का झाला, बारा टाकले की दोन टक्के. दहा मिलिच्या छोट्या रोल-ऑनमध्ये दोन थेंब पुष्कळ. चेहऱ्यासाठी एक टक्क्याच्या वर जाऊच नका. सुरुवात करणाऱ्याने सगळीकडेच एक टक्का धरावा, असं माझं मत.

'थोडं जास्त टाकलं तर जास्त फायदा' हा हिशेब इथे उलटा पडतो. कडक तेल वारंवार लावलं की एक दिवस त्वचा त्याला कायमची नाही म्हणते. अशी ॲलर्जी एकदा जडली की तो वास असलेला साबण, शांपू, क्रीम, सगळंच सोडावं लागतं.

म्हणून आधी पॅच टेस्ट. पातळ केलेल्या मिश्रणाचा थेंब कोपराच्या आतल्या बाजूला लावा आणि चोवीस तास तो भाग धुऊ नका. खाज, लाली, पुरळ आलं तर ते तेल तुमच्यासाठी नाही. बाटली उघडल्याची तारीख पेनाने झाकणावर लिहून ठेवा. हवा, ऊन आणि उष्णता लागून जुनं झालेलं तेल त्वचेला जास्त झोंबतं. संत्र्यासारखी तेलं वर्षभरात संपवावीत. मे महिन्यातल्या आपल्या घरांत बाटल्यांची जागा खिडकीत नाही, कपाटात. फ्रिजमध्ये ठेवल्या तरी चालतात, पण खाण्याच्या वस्तूंपासून वेगळ्या, बंद डब्यात.

वापरायचं कसं?

रुमाल. सगळ्यात सोपा आणि स्वस्त प्रकार. रुमालाच्या कोपऱ्यावर एक थेंब, दोन-तीन संथ श्वास, रुमाल परत खिशात. लोकलच्या गर्दीत याच्याइतका उपयोगी दुसरा प्रकार मला सापडलेला नाही.

डिफ्यूझर. शंभर मिलि पाण्यात तीन ते पाच थेंब. अर्धा तास चालवा, बंद करा. खिडकी किलकिली असू द्या. एसी लावून, दार लावून, रात्रभर चालू ठेवू नका. नाकाला थोड्या वेळाने वास जाणवेनासा होतो, पण तेल हवेत साचतच असतं. मेणबत्तीचा बर्नर असेल तर पाणी आटेपर्यंत विसरू नका. ही तेलं पेट घेतात.

मसाज. एक टक्क्याचं मिश्रण मानेला, खांद्यांना, पोटऱ्यांना. हात धुतल्याशिवाय डोळ्यांना लावू नका. कॉन्टॅक्ट लेन्स वापरणाऱ्यांनी तर खासच लक्षात ठेवा.

अंघोळ. बाथटबच्या टिप्स आपल्या काय कामाच्या? आपली बादली-मगाची अंघोळ. तेल पाण्यात विरघळत नाही. बादलीत टाकलेला थेंब वर तरंगतो आणि पहिल्या मगाबरोबर जसाच्या तसा अंगावर येतो, नेमका नाजूक जागी. त्यापेक्षा एका मगात कढत पाणी घेऊन त्यात दोन थेंब टाका आणि तो बाथरूमच्या कोपऱ्यात, पाय लागणार नाही असा ठेवा. वाफेबरोबर वास पसरतो, बस्स.

शेजारच्या क्युबिकलचा विचार

माझ्या एका जुन्या ऑफिसात एका टीमने हौसेने डेस्कवर डिफ्यूझर आणला. निलगिरी आणि पेपरमिंट, दिवसभर. पलीकडे बसणाऱ्या मुलीला दमा होता. नवीन नोकरी, त्यामुळे ती काही बोलेना. तिसऱ्या दिवशी पंप वापरूनही तिचा श्वास सुटेना, तेव्हा तिला टॅक्सीत घालून दवाखान्यात न्यावं लागलं. सेंट्रल एसीच्या मजल्यावर तुमचा वास तुमच्या डेस्कपुरता राहत नाही. शेजारी कुणाला दमा असतो, कुणाला मायग्रेन, कुणी नुकतीच गरोदर असते आणि अजून कुणाला सांगितलेलं नसतं. ऑफिसमध्ये रुमाल किंवा नाकाशी धरायची छोटी इनहेलर स्टिक एवढंच वापरा. मीटिंग रूम, लिफ्ट, कारपूल इथेही तोच नियम.

घरात बाळ असेल तर

आता सज्जड दम. 'कापूर, निलगिरी तर आपलं घरगुती' असं म्हणत आपण ज्या गोष्टी बिनधास्त वापरतो, त्याच सगळ्यात धोक्याच्या आहेत.

कापूर पोटात गेला तर लहान मुलाला काही मिनिटांत झटके येऊ शकतात. एखादा ग्रॅम कापराने मूल दगावल्याच्या नोंदी वैद्यकीय साहित्यात आहेत. देव्हाऱ्यातल्या कापराच्या वड्या मुलांना खडीसाखरेसारख्या दिसतात, त्यामुळे डबी वरच्या फडताळात. अमेरिकेत औषधी मलमांत कापूर ११ टक्क्यांहून जास्त घालायला परवानगी नाही. कापराचा बाम दोन वर्षांखालच्या मुलाला लावू नये. सर्दी झाली म्हणून बाळाच्या नाकाशी कापूर किंवा नाकपुडीत निलगिरी, हे तर अजिबात नको. निलगिरीचं तेल चहाचा एक चमचाभर जरी मुलाच्या पोटात गेलं, तरी ते बेशुद्ध होऊ शकतं. पेपरमिंटही बाळाच्या चेहऱ्याजवळ नेऊ नका. त्याच्या झोंबण्याने तान्ह्याचा श्वास अडकू शकतो.

मोठ्यांनाही सूट नाही. फिट्स येण्याच्या काही प्रकरणांचा संबंध निलगिरी आणि कापराच्या तेलांशी असल्याचं बेंगळुरूच्या मेंदूविकारतज्ज्ञांनी दाखवून दिलं आहे. घरात कुणाला कधी फिट आली असेल, तर निलगिरी, कापूर आणि रोझमेरी घराबाहेर.

आई-बाबांच्या गुडघेदुखीसाठी आणलेल्या तेलाचं लेबलही वाचा. त्यात गंधपुऱ्याचं तेल असतं, इंग्रजीत विंटरग्रीन. शुद्ध गंधपुऱ्याचा एक चहाचा चमचा म्हणजे जवळजवळ वीस ॲस्पिरिनच्या गोळ्या. बाबा रक्त पातळ करणारी वॉरफरिनसारखी गोळी घेत असतील, तर असं तेल रोज चोळल्याने रक्तस्रावाचा धोका वाढतो. त्यांच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय लावू नका.

गरोदरपणात पहिले तीन महिने तेलं बंदच ठेवा, पुढेही डॉक्टरांना विचारून. घरात मांजर असेल तर डिफ्यूझर तिच्या खोलीत नको. या तेलांतली काही रसायनं मांजराच्या यकृताला पचवता येत नाहीत. टी ट्रीचं तेल तर कुत्र्या-मांजरांच्या अंगाला कधीच लावू नका.

ऊन, पोट आणि स्प्रे

दाबून काढलेलं लिंबू आणि बर्गमॉटचं तेल लावून उन्हात गेलात, तर त्वचा भाजून काळे डाग पडतात आणि ते महिनोन्‌महिने जात नाहीत. ही तेलं अंगाला लावलीच, तर पुढचे बारा तास तो भाग उन्हात नेऊ नका.

पाण्यात थेंब टाकून पिण्याची फॅशन आली आहे, तिच्या वाटेला जाऊ नका. तेल पाण्यात विरघळत नाही, घसा आणि जठर भाजू शकतं. पुदिन्याचा चहा हवा तर पुदिना आणा. गवती चहा तर कुंडीतही येतो.

आणि घरगुती रूम स्प्रे. २०२१मध्ये अमेरिकेत चार जणांना एका दुर्मिळ जिवाणूची लागण झाली, दोघं दगावले. शोध घेत घेत तपास पोचला भारतात बनलेल्या एका अरोमाथेरपी रूम स्प्रेपर्यंत. बाटलीतल्या द्रवातच जिवाणू वाढले होते. माल बाजारातून परत मागवावा लागला. पाणी आलं की जंतू आले आणि सुगंधाचे चार थेंब त्यांना रोखू शकत नाहीत. म्हणून पाण्यात तेल मिसळून स्प्रे करून ठेवू नका. डिफ्यूझरचं पाणीही रोज ओतून टाका, भांडं पुसून कोरडं करा.

पहिला आठवडा असा घालवा

सोमवार-मंगळवार: फक्त बाटली उघडून दुरून वास घ्या. आवडतो का, डोकं चढतं का, ते बघा. न आवडणाऱ्या वासाने कुणी रिलॅक्स होत नाही.

बुधवार: रुमालावर एक थेंब संत्रं. ऑफिसला जाता-येता.

गुरुवार: चमचाभर खोबरेलात एक थेंब लॅव्हेंडर मिसळून पॅच टेस्ट.

शुक्रवार: घरी आल्यावर अर्धा तास डिफ्यूझर. मोबाइल दुसऱ्या खोलीत.

शनिवार: त्वचेने कुरकुर केली नसेल, तर तीस मिलि तेलात सहा थेंब लॅव्हेंडर घालून मान-खांद्यांना मसाज. दुसऱ्या कुणाकडून करून घेता आला तर उत्तम.

रविवार: सुट्टी. नाकालाही.

अपघात झालाच तर...

• त्वचेवर कच्चं तेल सांडलं आणि आग झाली, तर आधी खोबरेल किंवा गोडेतेल लावून कापसाने पुसा, मग साबण-पाण्याने धुवा.

• डोळ्यात गेलं तर वाहत्या स्वच्छ पाण्याने पंधरा मिनिटं धुवा आणि डॉक्टर गाठा.

• वासाने डोकं दुखलं, मळमळलं, तर डिफ्यूझर बंद, खिडक्या उघड्या, मोकळ्या हवेत जा.

• कुणी प्यायलं तर उलटी करवू नका. दूध, मीठपाणी असलं काही पाजू नका. बाटली सोबत घेऊन थेट हॉस्पिटल. रुग्णवाहिकेसाठी १०८. दिल्लीच्या एम्समधल्या नॅशनल पॉयझन्स इन्फर्मेशन सेंटरचा टोल फ्री नंबर १८०० ११६ ११७ आजच मोबाइलमध्ये सेव्ह करून ठेवा.